अहवालात नसलेलं वाक्य

ते वाक्य त्या अहवालात नव्हतं. नाओएने एकतीस पानं छापखान्याच्या जेवणाच्या खोलीत, डबा न उघडताच, तीनदा वाचून काढली. एकदा घाईघाईने, एकदा सावकाश, आणि तिसऱ्यांदा पट्टी ठेवून ओळीमागून ओळ, प्रूफं वाचतात तशी. सकाळी ती कामावर निघत असताना पोस्टमन ते जाड पाकीट देऊन गेला होता. नवरा, योशिताका, आधीच बाहेर पडलेला. सासूबाई मुलीला, सोयोला, भरवत बसलेल्या. आणि पाकिटावर चौकशी समितीचं नाव दिसताच नाओएने काही विचार न करता ते पिशवीत सरकवलं होतं. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली पातळ कागदाची पत्रकं असतात, ती छापण्याआधी तपासायची, हे तिचं नऊ वर्षांचं काम. तोयामा शहरात औषधांचे कारखाने आहेत तोवर या पत्रकांना मरण नाही, असं तिचे साहेब म्हणत. चक्कर, मळमळ, अंगावर पुरळ, क्वचित शुद्ध हरपणे. या कामात चुकलेला शब्द सापडणं सोपं. जो शब्द असायला हवा होता आणि नाही, तो सापडणं अवघड. आज तिला तो शोधावाही लागला नाही. तो कुठे असायला हवा हे तिला ठाऊक होतं. पान नऊ, वेळ दुपारी एक पंचावन्न. तिथे एक चाळीसनंतर एकदम दोन पंचवीस होतं. मधे काही गाळलंय असं म्हणायलाही जागा नव्हती. एका ओळीखाली दुसरी ओळ, नेहमीच्या अंतरावर.

एक चाळीस: सलाईनमधून कळांचं औषध वाढवलं, बाळाचे ठोके ठीक. दोन पंचवीस: आलेखावर ठोके वारंवार खाली जाताना दिसतात. तीन दहा: परिचारिकेच्या लक्षात आलं, डॉक्टरांना बोलावलं. तीन अठ्ठेचाळीस: सिझर, मुलगी, रडली नाही. दोन पंचवीस ते तीन दहा या वेळात आलेखाकडे लक्ष न जाणं हे ‘सर्वसाधारण पद्धतीला धरून नाही’, असं समितीने लिहिलं होतं. चूक हा शब्द एकतीस पानांत कुठेही नव्हता. पाऊण तास सोयोच्या मेंदूला प्राणवायू कमी पडत गेला आणि त्या पाऊण तासात खोलीत काय होतं, तर शांतता होती. ही शांतता नाओएने मागून घेतली होती. तिला तो प्रसंग आठवायचा झाला की आधी चित्र दिसत नसे, आवाज ऐकू येई. पोटावर बांधलेल्या पट्ट्यातून येणारा बाळाच्या ठोक्यांचा आवाज, मोठा करून यंत्राने खोलीत सोडलेला, ओल्या वाळूवरून घोडा धावतो तसा. सकाळी तो आवाज तिला आवडला होता. दुपारपर्यंत कळांच्या मधल्या एवढ्याशा फटीतही तो घुसायला लागला, तिला श्वास घेऊ देईना, आणि कळ ओसरल्यावर तिने होरिता सिस्टरचा हात धरून म्हटलं होतं, “हा आवाज बंद करा ना. डोक्यात घण पडतायत.” होरिता सिस्टर वयाने तिच्याहून लहान, गोल चेहऱ्याची. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग यंत्राचं बटण फिरवलं. “तेवढीच विश्रांती घ्या हं,” ती म्हणाली आणि शेजारच्या खोलीतून हाक आली तशी धावत गेली. आणि नाओएला बरं वाटलं होतं. हे तिने आजवर स्वतःशीसुद्धा पुरतं कबूल केलं नव्हतं. नुसतं बरं नाही, फार बरं वाटलं होतं. बाहेर पार्किंगपलीकडे बर्फाने पांढरे झालेले डोंगर दिसत होते आणि तिचे डोळे मिटले होते.

सोयो आता साडेतीन वर्षांची होती. मान धरू लागली होती, पण थकली की डोकं एकीकडे कलायचं. हात मुठी वळून छातीशी यायचे. मऊ शिजवलेला भात आणि चाळणीतून गाळलेला मासा एवढंच गिळता यायचं, तेही सासूबाईंच्या, म्हणजे तोशिए-आईंच्या, हातून सर्वांत चांगलं. तोशिए-आईंना घास केवढा करायचा आणि किती वेळ थांबायचं हे न सांगता कळे. त्यांचा नाओएला राग यायला हवा होता, कारण पहिल्या महिन्यात, सोयो अजून काचेच्या पेटीत असताना, याच बाई म्हणाल्या होत्या, “आमच्या वेळी नव्हती असली यंत्रं. पोटातलं लेकरू गप्प झालं की आईला कळायचं.” एकदाच म्हणाल्या. वाईट हेतूने म्हणाल्या असंही नाही, हातातला टॉवेल घडी घालता घालता म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि नाओएच्या मनातून तो कधी गेला नाही. तोयामात हिवाळ्याच्या तोंडाशी समुद्रावर ढग गडगडतात; गडगडलं की सोयोचं सगळं अंग दचकून ताठ होई, हातपाय एकदम पसरत. म्हणून घरात दारं हळू लावायची, भांडी कापडावर ठेवायची, टीव्हीचा आवाज काढून टाकायचा, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तिन्ही मोठी माणसं हलक्या पावलांनी वावरत. या सगळ्या दबलेल्या घरात मोठ्याने बोलायचा तो एकटा योशिताका, आणि तोही एकच वाक्य. वर्तमानपत्र वाचताना, गाडी चालवताना, अंगात शर्ट घालताना. “ते यंत्र बोंबलत असणार गं. बोंबलत असणारच. आणि एकालाही ऐकू येऊ नये?” दर वेळी नाओएच्या हातातली वस्तू, जी काय असेल ती, क्षणभर जड होई. आत्ता सांगावं, असं तिला वाटे. आणि मग वाटे, आजच का, काल का नाही, मागच्या वर्षी का नाही. जितका उशीर झाला तितकं ते वाक्य वाढत गेलं. पहिल्या आठवड्यात ते एवढंसं होतं. ‘अहो, मी आवाज बंद करायला सांगितला होता’ एवढंच. आता त्याच्यामागे साडेतीन वर्षांचं न सांगणं उभं होतं आणि ते मूळ वाक्यापेक्षा मोठं झालं होतं.

संध्याकाळी तिने अहवाल योशिताकाच्या हातात दिला. त्याने तो उभ्याउभ्याच वाचला, बूट न काढता. “पाहिलंस? ‘धरून नाही’! लिहून दिलंय त्यांनी.” त्याने त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली. तोशिए-आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “लिहून दिलं ना? मग पुरे झालं. तू त्याच दवाखान्यात जन्मलास, मीही तिथेच. उद्या मला काही झालं तर कुठे नेशील?” “आई, हा तुझ्या-माझ्या जन्माचा प्रश्न नाहीये.” “माहितीये. कुणाच्या ते माहितीये,” असं म्हणून त्या भात गाळायला लागल्या.

उन्हाळ्यात ती दोघं पहिल्यांदा उओझुमी वकीलबाईंकडे गेली होती. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलताना पेन टेबलावर आडवं ठेवणाऱ्या. त्यांनी सगळं साध्या भाषेत समजावून सांगितलं होतं. चूक कुणाची हे न विचारता मिळणारी मदत सोयोला मिळतेच आहे. त्याच योजनेतून चौकशीचा अहवालही येईल. पण त्या मदतीचा अर्थ दवाखान्याने काही कबूल केलं असा होत नाही. पुढे जायचं तर वाटा तीन. दवाखान्याशी सरळ बोलणी करायची, किंवा दोघांच्यामधे कुणी मध्यस्थ बसवायचा, नाहीतर कोर्ट. “कोर्टात दोन गोष्टी दाखवाव्या लागतात,” त्या म्हणाल्या, “करायला हवं होतं ते त्यांनी केलं नाही, ही एक. आणि केलं असतं तर सोयो आज अशी नसती, ही दुसरी. पहिलीत माणसं जिंकतात, दुसरीत हरतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं, आणि या प्रांतातला डॉक्टर या प्रांतातल्या डॉक्टरविरुद्ध बोलत नाही. चार-पाच वर्षं जातील. आणखी एक. तुम्हाला दोघांना त्या दिवसाचं जे आठवतंय ते वेगवेगळं लिहून काढा. एकमेकांना दाखवू नका.” योशिताकाने अकरा पानं लिहिली होती. नाओएने अर्धं. तिच्या अर्ध्या पानात वेळा होत्या, कळा होत्या, खिडकीतले डोंगर होते. वकीलबाईंनी ते वाचून तिच्याकडे पाहिलं होतं, काही विचारलं नव्हतं. आता अहवाल घेऊन शुक्रवारी अकरा वाजता बोलावलं होतं. मधे दोन दिवस होते.

होरिता सिस्टरचा पत्ता तिच्याकडे होता. दर नववर्षाला एक कार्ड यायचं, एका ओळीचं: सोयो कशी आहे? पहिलं कार्ड आलं तेव्हा होरिता दवाखाना सोडून गेली होती हे नाओएला कळलं. तीन कार्डं तिने हिवाळी मोज्यांच्या खणात तळाशी ठेवली होती, उत्तर एकालाही दिलं नव्हतं. गुरुवारी दुपारी तिने कामावरून सुटी घेतली आणि ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत, समुद्राजवळ गेली. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळायचं ते केंद्र होतं. आत होरिता एका आजीबाईंचे ओले केस पुसत होती. तिचा चेहरा आता गोल राहिला नव्हता. तिने नाओएला दारात पाहिलं, टॉवेल दुसरीच्या हातात दिला आणि बाहेर येऊन कमरेत इतकी खाली वाकली, की तिचा पांढरा पडू लागलेला भांग दिसला.

“कानामोरी बाई, तुम्ही येणार हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “कधी, तेवढं माहीत नव्हतं.”

“अहवाल आलाय.”

“दवाखान्यालाही आला असेल. मला कोण पाठवतंय.”

“त्यात ते नाही. आवाजाचं.”

होरिता भिंतीलगतच्या बाकावर बसली. मग म्हणाली, “मी लिहिलं होतं.”

नाओए उभीच होती.

“एक पंचावन्न. मातेला त्रास होत असल्याने तिच्या विनंतीवरून आवाज बंद. माझ्या अक्षरात. त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टरनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, घाईत लिहिलंयस, वाचता येत नाही, स्वच्छ प्रत काढ. आणि ती ओळ कशाला? त्या बिचारीच्या डोक्याला उगाच जन्माचा ताप. मला ते पटलं. म्हणजे, मी पटवून घेतलं.”

“माझ्यासाठी गाळलं?”

“तुमच्यासाठी असं सांगितलं. आवाज बंद केला की दर दहा मिनिटांनी खोलीत येऊन आलेख बघायचा, असा नियम होता. ती ओळ राहिली असती तर पुढचा प्रश्न तोच आला असता ना. दर दहा मिनिटांनी कोण आलं? कुणी आलं नाही. तीन बायका अडलेल्या आणि आम्ही दोघी.”

समुद्राकडून हलकं गडगडलं. नाओएचे खांदे आपोआप वर आले. सोयो इथे नाही हे तिच्या नंतर ध्यानात आलं. तिला जे विचारायचं होतं ते साडेतीन वर्षं तयार होतं, तरी तोंडातून निघताना ते लहान मुलाच्या प्रश्नासारखं निघालं. “आवाज चालू असता तर तुम्हाला ऐकू आलं असतं का हो?”

“बरं वाटेल असं सांगू, की खरं?”

“खरं.”

“मी शेजारच्याच खोलीत होते. तिथली बाई किंचाळत होती. भिंत पातळ. कदाचित आलं असतं. कदाचित नसतंही. तेव्हापासून मी रोज त्या भिंतीला कान लावून उभी आहे, मला अजून कळलेलं नाही.” तिने एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “पण एक सांगते, कानामोरी बाई. तुम्ही फक्त म्हणालात. बटण मी फिरवलं. कळा देणारी बाई काहीही म्हणते. एक जण तर म्हणाली होती, मला घरी सोडा. सोडलं का आम्ही?”

“कोर्टात सांगाल हे?”

“विचारलं तर सांगेन. खोटं बोलायची ताकद संपलीय माझी. पण मला विचारणार कोण? कागदावर ते वाक्यच नाही. ते होतं हे दोघींनाच माहीत.”

“मोठ्या सिस्टर तिसऱ्या.”

“त्या कधीच विसरल्या असतील,” होरिता म्हणाली.

परतीच्या ट्राममध्ये नाओए दाराजवळ उभी राहिली. जागा होत्या, पण तिला बसवेना. आपण मोकळं व्हायला गेलो होतो, आणि एक दार उघडून पाहिलं तर मागे आणखी एक खोली, तीही तेवढीच बंद, असं तिला वाटत होतं. ते वाक्य गाळलं गेलं, कागद बदलला गेला, हे दवाखान्याविरुद्ध सर्वांत मोठं हत्यार होतं. हे कळायला वकील व्हायला नको. आणि ते हत्यार उचलायचं तर मुठीच्या जागी धारच होती. कागदात काय गाळलं ते सांगायचं तर आधी ती काय म्हणाली ते सांगावं लागणार. योशिताकाला. सासूबाईंना. मग काळ्या कोटातल्या कुणा अनोळखी माणसाला, जो मान तिरकी करून विचारेल: म्हणजे आवाज बंद करायला आपणच सांगितलंत? आणि न सांगावं, तर सोयोचा खटला त्या ‘सर्वसाधारण पद्धतीला धरून नाही’वर उभा राहणार, आणि पहिलीत जिंकून दुसरीत हरणार. मोठ्या सिस्टरनी खरंच दया दाखवली असती तरी आपलं असंच झालं असतं, असं तिला वाटून गेलं. ती ओळ गाळण्याने तिला वाचवलं नव्हतं, कोंडून घातलं होतं. तिच्या तोंडचं वाक्य कुणी तरी तिला न विचारता पुसलं होतं, आणि तेव्हापासून ते एकटं तिच्याचजवळ राहिलं होतं. समोरच्या सीटवर एक शाळकरी मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती. तिची मान ट्रामच्या धक्क्याला एकीकडे जायची आणि झोपेतच सरळ व्हायची. किती सहज सरळ व्हायची. नाओए आपला स्टॉप येऊन गेला तरी ते बघत राहिली.

त्या संध्याकाळी सांगायचं तिने ठरवलं होतं. पण योशिताका टेबलावर अहवालाला रंगीत चिठ्ठ्या चिकटवत बसला होता, पोरगा अभ्यासाला बसावा तसा मन लावून, आणि पुष्कळ दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. तिने चहा ठेवला, कापडावर, आवाज न करता.

शुक्रवारी वकीलबाईंनी सोयोलाही आणायला सांगितलं होतं. तिची चाकांची खुर्ची टेबलाला नीट लागेना, तेव्हा उओझुमी बाईंनी स्वतः टेबल सरकवलं आणि खाली वाकून म्हटलं, “या सोयो बाई. तुमचंच काम चाललंय, तुम्ही नाही म्हणजे काय?” सोयोची नजर त्यांच्या पेनवर जाऊन थांबली. मग बाईंनी अहवाल उघडला. “हा आपल्या बाजूचा आहे,” त्या म्हणाल्या, “पण पुरता नाही. पाऊण तास कुणी पाहिलं नाही, हे आहे. का पाहिलं नाही, ते नाही. तिकडचे वकील म्हणतील, गर्दी होती, दुर्दैव. इथे मला काहीतरी हवंय.”

“गर्दी होती म्हणून बहिरे झाले होते का?” योशिताका म्हणाला. “ते यंत्र बोंबलत असणार—”

“बोंबलत नव्हतं,” नाओए म्हणाली.

तिला स्वतःचा आवाज परका वाटला, पण तो थांबला नाही. बटण, होरिता, मोठ्या सिस्टर, स्वच्छ प्रत, काल ट्रामने जाऊन आले, सगळं तिने टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, “मला बरं वाटलं होतं,” हेही. वकीलबाईंनी मधे एकदाही लिहिलं नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “हे तुमच्या मिस्टरांना माहीत होतं?”

“नाही.”

“होतं,” योशिताका म्हणाला.

नाओएने मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची अकरा पानं समोर होती, तो त्यांचे कोपरे जुळवत होता.

“आवाज तिने बंद करायला सांगितला, ते नव्हतं माहीत. पण बंद होता हे माहीत होतं. मी खाली गेलो तेव्हा तो ठक ठक चाललेला होता. दोननंतर वर आलो, तर शांत. हिचे डोळे मिटलेले. मला वाटलं, बरं झालं, जरा झोप लागली. मी खुर्चीत बसलो. फोन बघत होतो. पाऊण तास. पडद्यावर आकडे खाली जात होते, ते मी पाहिलेही, दोनदा. मला वाटलं, काही असतं तर ते ओरडलं असतं.” त्याने पानं खाली ठेवली. “यात लिहिलेलं नाही मी हे.”

सोयोच्या तोंडातून लाळ ओघळली. ती पुसायला दोघांचेही हात एकदम पुढे झाले आणि दोघांचेही थांबले. मग योशिताकाने पुसली. नाओए त्याच्या हाताकडे बघत होती. एवढी वर्षं ती ‘यंत्र बोंबलत असणार’ या वाक्याला घाबरत आली होती, आणि ते वाक्य रोज मोठ्याने म्हणणारा माणूस त्याच्याच आडोशाला बसलेला होता. तिला त्याची दया आली, आणि लगेच भयंकर रागही आला. तू जागा होतास. मी कळा देत होते आणि तू जागा होतास. राग आला हे तिला बरं वाटलं की नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

“आता ऐका,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं आत्ता जे बोललात, ते तिकडचे वकील तुमच्याविरुद्ध वापरतील. शंभर टक्के. आईने मागितलं, बाप बसून होता. पण बाळंतिणीने सांगितलं आणि नवरा बसून होता, म्हणून नर्सचं काम टळत नाही. कायदा तसं म्हणत नाही. आणि हे तुम्ही बोलल्याशिवाय मला तो पहिला कागद मागता येणार नाही. ठेवला असेल तर तो कोर्टाकडून ताब्यात घ्यावा लागेल, तोही त्यांना सुगावा लागायच्या आत. होरितांची साक्ष लागेल. दवाखाना कदाचित बोलणी करायला येईल, कदाचित नाही. जिंकूच असं मी म्हणत नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, परक्या माणसांसमोर, आणि ती माणसं माझ्यासारखी गप्प बसणार नाहीत. घरी जाऊन ठरवायचं असेल तर जा.”

घरी, नाओएच्या मनात आलं. घरी गेलो तर दारं हळू लागतील, भांडी कापडावर ठेवली जातील, आणि हे जे आत्ता टेबलावर आलंय ते पुन्हा दोघांच्या दोन खणांत जाईल. तिने योशिताकाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, पहिल्यांदाच.

“नको,” ती म्हणाली. “आत्ताच लिहून घ्या.”

उओझुमी बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. “मग पहिल्यापासून. कोण सांगतंय?”

नाओएने तोंड उघडलं, तेवढ्यात योशिताका म्हणाला, “मी सांगतो. मी खाली गेलो तिथपासून.” कॉफीसाठी गेलो असं सगळ्यांना सांगत आलो, तो म्हणाला, पण कॉफीसाठी नव्हतो गेलो, हिचं कण्हणं ऐकवेना, भीती वाटली, म्हणून गेलो, आणि जिन्यात बसून राहिलो. बाई लिहीत होत्या. नाओए ऐकत होती. त्या दुपारी त्याला भीती वाटली होती, हे लग्नाच्या सहा वर्षांत ती आज पहिल्यांदा ऐकत होती, आणि ते एका परक्या बाईला सांगितलं जात होतं.